डाव्या बाजूनं येताना

पहिल्याच दिवशी हेमलतानं हातात फावडं दिलं
आणि म्हणाली, डचेसला डावा डोळा नाही.
त्या बाजूनं जाशील तेव्हा बोलत जा.
काहीही बोल. गप्प गेलास तर लाथ.

काय बोलायचं असतं घोडीशी?
बत्तीस वर्षं मी सांगलीत, सहकारी बँकेत,
दुसऱ्यांचे आकडे तपासले. मान खाली घालून.

तशी बोलण्यात घोडी पुष्कळ होती माझ्या,
अडलेलं, पुढं दामटलेलं,
वरातीमागून येणारं ते एक.
प्रत्यक्षातली एकच. लग्नातली, भाड्याची.
मारुतीपाशी थांबली ती थांबलीच.
बँडवाल्यांनी तेच गाणं तीनदा वाजवलं.
शेवटी मामा म्हणाले, उतर, चालत जाऊ.
नलिनी पुढं कितीतरी वर्षं सांगायची,
त्या घोडीला कळलं होतं, मलाच कळलं नाही.
हसत सांगायची.
शेवटची चार वर्षं न हसता.

एक्समूरमध्ये मार्चची सकाळ
उजाडली तरी उजाडल्यासारखी नसते.
धुकं टेकडीवरून उतरतं
आणि दहापर्यंत कुंपणाशी उभं राहतं.
अकरा घोडे, सोळा बादल्या, एक नळ,
तोही गोठलेला; त्यावर किटलीतलं पाणी ओतायचं.
मी लीद काढतो. ओला पेंढा इकडं, कोरडा तिकडं,
जमा आणि नावे.
हेमलता म्हणते, इतक्या सरळ रेषेत
लिदीचा ढीग या गावानं पाहिला नसेल.
तिचं मराठी एक्क्याण्णव सालात थांबलंय.
अजून 'ट्रंककॉल' म्हणते.
घोड्यांना इंग्रजीत रागावते, नवऱ्याला मराठीत.
कॉलिनला त्यातलं 'पुरे' तेवढं समजतं.

तर डचेस.
मी 'हॅलो' म्हणालो. तिचे कान मागं.
'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणालो,
तपासणीला साहेब आले की म्हणायचो तसं.
तिनं खूर आपटला.
मग तोंडात आलं ते म्हणालो:
एक पाव पाव, बे पाव अर्धा,
तीन पाव पाऊण...
पावकी संपली, निमकी झाली,
सवायकीला एक कान पुढं आला,
दिडकीला दुसरा.
घाटपांडे गुरुजींनी छडीनं पाठ करून घेतलेलं
कुठल्या कुठं उपयोगी पडलं.

शनिवारी शिकायला येणारी टॅम्सिन, वय नऊ,
दाराआडून ऐकत होती.
पुढच्या शनिवारी खोगीर घेऊन स्वतःच आत शिरली,
'बे पाव अड्डा, बे पाव अड्डा' म्हणत.
घोडीनं चालवून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात औटकीला अडलो.
एक औट साडेतीन, बे औट सात,
तीन औट...
हातात ब्रश, मी डाव्या बाजूला,
आणि पुढचं काही येईना.
डचेसनं मागचा पाय उचलला. तसाच धरला.
बोलायला तर हवं होतं.
नलू, जेवलीस का, असं बोललो.
माझं मलाच ऐकू आलं.
ती धारवाडला असते आता, बहिणीकडं.
तिथं त्या वेळी रात्र असेल. किंवा दुपार,
हा साधा हिशेबही जमेना मला.
पाय खाली आला. सावकाश.
ब्रशवर पांढरे केस, थंडी संपत आल्यावर गळतात ते.
मी ब्रश करत राहिलो.

निघायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला,
बाबा, बसलात का एकदा तरी?
नाही.
लगाम हातात घेऊन ओढ्यापर्यंत चालत गेलो,
तिच्या डाव्या बाजूनं, बोलत,
परत आलो तसाच.
येताना, पुलावर,
आठवलं: साडेदहा.